झोंबींपुढे रणगाडा काय कामाचा?

अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडने 2011 साली, निव्वळ सरावासाठी का होईना, झोंबींविरुद्धची लष्करी योजना लिहून काढली होती. तेव्हा विषय अगदीच पोरकट नाही. ‘झोंबिवली’ सिनेमातल्यासारखा प्रसंग बडोद्यावर आला तर पहिली मागणी रणगाड्यांची आणि तोफांची होईल. ती चुकीची ठरेल.

तोफगोळा मारतो तो मुख्यतः उडणाऱ्या तुकड्यांनी आणि रक्तस्रावाने. त्याहून मोठे काम भीती करते: गोळे पडू लागले की शत्रू जमिनीला चिकटतो, चाल थांबते. सिनेमातला झोंबी ना भितो, ना रक्त गेल्याने पडतो. डोके फुटेपर्यंत तो चालतच राहतो. हजिऱ्यात तयार होणारी के-9 वज्र तोफ चाळीस किलोहून जड गोळा सुमारे 40 किलोमीटरवर टाकते. बडोद्याच्या मांडवीतल्या गर्दीवर तो पडला तर दारे लावून घरात बसलेली जिवंत माणसेच आधी जातील. इथल्या गायकवाड राजांच्या चांदीच्या तोफा शोभेच्या होत्या. इथे पोलादीही तशाच ठरतील.

टी-90 रणगाडा 46 टनांचा आणि पावणेचार मीटर रुंद. जुन्या शहरातल्या पोळीत, म्हणजे चिंचोळ्या गल्लीत, तो शिरणार नाही, शिरलाच तर वळणार नाही. त्याला डिझेल हवे, डिझेलला टँकर, टँकरला चालक आणि चालकाला पहारा. शहर बंद पडले की हीच साखळी आधी तुटते. 1932 साली ऑस्ट्रेलियात पिकांचा नाश करणाऱ्या इमूंवर लष्कराने मशीनगन चालवल्या. कळप पांगत राहिले आणि मोहीम गुंडाळावी लागली. इमू निदान पळत तरी होते.

अपवाद बीएमपी-2चा. हे चिलखती वाहन पाण्यात तरंगते आणि बंद पोटात सात सैनिक नेते. अडकलेल्यांना बाहेर काढायला ते उपयोगी पडेल. त्याच्या तोफेची गरज क्वचितच लागेल.

ऑगस्ट 2024च्या पुरात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. तेव्हा लष्कराचे जवान बडोद्यात आले ते लोकांना पाण्यातून काढण्यासाठी. सोसायट्यांत शिरलेल्या मगरी वनखाते आणि स्वयंसेवक यांनी दोरीचा फास टाकून, जबडा बांधून पिंजऱ्यात घातल्या. जबड्याचा धोका दारात आल्यावर काय चालते, हे या शहराने पाहिलेले आहे.

महापालिकेने आपत्ती आराखड्यात होड्या, जनरेटर, धान्यसाठा आणि आजवा तलावाच्या जलवाहिनीवरचा पहारा यांची तरतूद आधी करावी. रणगाडे सीमेवरच असू द्यावेत.