फेरफाराची नोंद कोठे आहे?

उरण तालुक्यातील जासई गावात कागदाचे मोल कुणाला पटवून द्यावे लागत नाही. सिडकोच्या जमीनसंपादनाविरुद्ध याच गावच्या दि. बा. पाटील यांनी उभारलेल्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांचे गठ्ठे त्या काळापासून घरोघरी जपले गेले. वर्तमानपत्र अडखळत वाचणारा माणूसही सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यावर अचूक बोट ठेवतो. ही एक साक्षरताच आहे. मात्र ती अक्षरांइतकीच जागांचीही आहे. काय लिहिले आहे याआधी ते कोठे लिहिलेले असते, हे तिला ठाऊक असते.

येथील आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी एका संकेतस्थळाची अशीच साक्षरता कमावली होती. वहीत त्यांनी क्रमाने लिहून ठेवले होते: डावीकडची तिसरी ओळ, मग खालची चौकट, मग हिरवे बटण. एके सकाळी ते पान नव्या रूपात उघडले. डावी बाजूच नाहीशी झाली होती, ओळींच्या जागी चित्रे आली होती आणि बटण तीन पडद्यांआड गेले होते. आता तेवढ्याच कामासाठी ते नाक्यावरच्या सेवा केंद्रात पैसे मोजतात. पैशांचे त्यांना फारसे वाटत नाही. त्यांनी आम्हांस विचारले ते इतकेच : "माझंच काही विसरलं का हो?"

आमचा राग या प्रश्नापाशी सुरू होतो. बदल करणारा दुसराच, आणि अपराधी मात्र वाचक! वर त्याला 'बदलाला घाबरणारा' म्हणून हिणवायचे. मोबाइलच्या लहान पडद्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी काही बदल अटळ असतात, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप बदलाच्या रीतीला आहे, आणि चांगली रीत कशी असते हे शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ती सातबाऱ्यातच आहे.

सातबाऱ्यावरचे एक नाव बदलायचे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावी लागते. तिची प्रत चावडीत लावावी लागते, हितसंबंधितांना कळवावे लागते. हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिच्यावर निर्णय होतो. त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस केला जाई; ते पुसले जात नसे. नातवाला आजोबांचे नाव त्या कंसात वाचता येई. एका गुंठ्यासाठी एवढा शिष्टाचार, आणि लाखो लोक रोज वाचतात ते पान मात्र एका रात्रीत, ना नोटीस ना हरकत, बदलून टाकायचे!

याची किंमत देशाने एकदा मोजलेली आहे. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर विवरणपत्रांचे नवे पोर्टल सुरू झाले. जुने त्याआधीच बंद केलेले होते, त्यामुळे नवे अडखळू लागताच मागे फिरायला वाटच उरली नाही. ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाला पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारावा लागला आणि विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत लांबली.

दोन्ही रूपे सांभाळणे परवडत नाही, असे यावर सांगितले जाते. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये नवे रूप आणले. त्यावर वादही पुष्कळ झाला. परंतु खाते असलेल्या सदस्याला पसंतीच्या पानावरून जुने रूप परत घेण्याची सोय तेथे ठेवली गेली. जुने नाव कंसात ठेवणे याहून वेगळे ते काय?

आपण साहित्याचे अभ्यासक ही शिस्त जाणतो. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, म्हणून १८३१ ची पहिली कुणाच्या कपाटातून रातोरात नाहीशी झाली नाही. आवृत्ती बदलली की आपण तिचे साल विचारतो, प्रस्तावना विचारतो, पाठभेद विचारतो. पडद्यावरचे पानही वाचलेच जाते. मग तेथे हे प्रश्न विचारताना आपण गप्प का?

आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक सेवेचे कोणतेही पान बदलण्यापूर्वी त्याच पानावर नोटीस लागावी. हरकत घेण्यास मुदत असावी. जुने रूप निदान काही काळ नव्याशेजारी उघडता यावे. आणि काय बदलले, कोठे गेले, हे मराठीत एका पानावर लिहिलेले असावे, म्हणजे जासईच्या त्या गृहस्थांना आपली वही पुन्हा लिहिता येईल. ते काहीही विसरलेले नाहीत. त्यांना कळवायचे, हे मात्र कुणीतरी विसरले आहे.