उड्डाणाचे तास कोणाच्या खात्यावर?

हिंगोली जिल्ह्याला विमानतळ नाही. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा विमानासाठी नांदेडवर अवलंबून आहे, आणि सेनगाव किंवा कळमनुरीच्या शेतकऱ्याला त्याची खंत वाटावी असे फारसे कारणही नाही. हेलिकॉप्टर मात्र मराठवाड्याच्या माणसाच्या परिचयाचे आहे. ते दोन प्रसंगी येते. एक निवडणुकीत. पुढाऱ्यासाठी माळरानावर चुन्याचे वर्तुळ आखले जाते आणि सभेपेक्षा त्या वर्तुळाभोवतीच गर्दी अधिक होते. दुसरे येते संकटात. 2025 च्या सप्टेंबरात बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत नद्यांनी गावे वेढली, तेव्हा अडकलेल्या माणसांना उचलायला ते आले. पहिल्या हेलिकॉप्टरचे भाडे कोण भरतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दुसरे हेलिकॉप्टर लष्कराचे असते. ते चालवणारा वैमानिक जनतेच्या पैशावर तयार झालेला असतो. गणवेश उतरवल्यावर त्याच्या कौशल्याचे काय होते, हा येथे प्रश्न आहे.

विमानचालन हा सुखवस्तूंचा विषय, त्याच्याशी कष्टकऱ्यांच्या चळवळीला काय कर्तव्य, असे काही वाचक म्हणतील. परंतु सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेली संपत्ती खासगी नफ्याच्या खात्यावर कशी जमा होते, याचा अभ्यास जमीन, पाणी आणि खनिजे यांच्या बाबतीत आपण करतो. माणसाच्या अंगच्या कौशल्याबाबत तो करण्याचे टाळावे असे नाही.

भूसेनेचे हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वतंत्रपणे अस्तित्वात आले. त्याच्या वैमानिकांची शाळा महाराष्ट्रातच, नाशिकरोडजवळ गांधीनगर येथे आहे. तेथे तरुण अधिकारी मुख्यतः चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांवर शिकत आले. मूळ फ्रेंच बनावटीची आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधलेली ही यंत्रे रचनेने अर्ध्या शतकापूर्वीची आहेत. त्यांच्यावरच सियाचीनच्या ठाण्यांना रसद पोहोचवली गेली आणि त्यांच्यावरच जखमी जवान खाली आणले गेले. विरळ हवेत, हाताच्या तळव्याएवढ्या सपाट जागेवर, वारा फिरण्याच्या आत उतरणे व उडणे ही विद्या पुस्तकातून येत नाही. दहा-चौदा वर्षांत असा वैमानिक हजार-दोन हजार तासांचे उड्डाण करतो. त्यातील प्रत्येक तासाचे इंधन, सुटे भाग आणि शिक्षकाचा पगार संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे मीठ आणि काडीपेटी घेणाऱ्याच्याही खिशातून आलेला असतो.

मग सेवेचा करार संपतो. अल्पमुदतीच्या नेमणुकीवरील अधिकारी दहा वर्षांनी, वाढ मिळाल्यास चौदा वर्षांनी बाहेर पडतो. निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची सेवा लागते, म्हणून त्याला उपदान मिळते, निवृत्तिवेतन नाही. वय पस्तिशीच्या आसपास, मुले शाळेत, आणि हातात एकच विद्या. स्वाभाविकच त्याची दृष्टी प्रवासी विमान कंपन्यांकडे वळते. तेथे त्याला सांगण्यात येते की हेलिकॉप्टरचा परवाना विमानाला चालत नाही.

हे सांगणे खोटे नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. हेलिकॉप्टर अधांतरी थांबू शकते. विमानाला पुढे जात राहावेच लागते, वेग एका मर्यादेखाली गेला की पंख भार उचलणे सोडून देतो. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचा डावा हात आसनाजवळच्या दांड्याने पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून यंत्र वर-खाली करीत असतो. विमानात तोच हात वेगळ्या कामाला लागतो. वर्षानुवर्षे स्नायूंत मुरलेल्या सवयी मोडून नव्या घडवाव्या लागतात, आणि त्या धावपट्टीवरच घडतात. परंतु हवामान ओळखणे, उपकरणांवर विश्वास ठेवून ढगांतून जाणे, सहवैमानिकाशी कामाची वाटणी करणे, इंजिन बंद पडल्यावर डोके शांत ठेवणे, ही विद्या दोन्हींकडे एकच आहे, आणि ती सर्वांत दुर्मीळ व सर्वांत महाग आहे. 1944 च्या शिकागो करारातून निघालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही, एका प्रकारच्या यंत्रावरील अनुभव दुसऱ्या परवान्यासाठी किती धरायचा हे परवाना देणाऱ्या सत्तेवर सोपवले आहे. प्रश्न केवळ तांत्रिक नाही, धोरणाचा आहे.

भारतात विमानाच्या व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. शून्यापासून सुरुवात करणाऱ्यास खासगी संस्थेत तो परवाना पन्नास लाखांच्या पुढे पडतो, आणि त्यानंतर विशिष्ट बनावटीचे मोठे विमान चालवण्याच्या शिक्षणाला आणखी कित्येक लाख लागतात. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला काही सूट मिळाली तरी विमानावरचे तास त्याला विकतच घ्यावे लागतात. हा आकडा हिंगोलीच्या मापाने मोजून पाहावा. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. तो पूर्ण मिळाला असे घटकाभर मानू. मोंढ्यावर तो किती जणांच्या हाती पडला, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. पन्नास लाख म्हणजे सुमारे 938 क्विंटल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर 156 एकरांचे पीक. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एका तरुणाच्या परवान्याला सत्तेचाळीस कुटुंबांचे एका हंगामाचे सगळे उत्पन्न लागते, आणि तेही बियाणे, खत व मजुरी वजा न करता. फौजी अधिकारी सोयाबीन विकून शिकत नाही, हे खरे. तो उपदान व भविष्यनिर्वाह निधीची पुंजी ओततो आणि उरलेल्यासाठी कर्ज काढतो. जनतेने त्याला वैमानिक केले. पुन्हा वैमानिक म्हणवून घेण्यासाठी तो स्वतःची आयुष्याची शिल्लक खासगी प्रशिक्षण संस्थेच्या हवाली करतो. आणि तयार माल विमान कंपनी एकही पैसा न गुंतवता दारात उचलते.

अर्थशास्त्रात या व्यवहाराचे समर्थन उपलब्ध आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकवलेला माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे जाईल. तो खर्च कामगारानेच करावा, पुढे वाढीव वेतनातून तो भरून निघतो. तर्क बिनतोड आहे. त्यात फक्त एवढेच गृहीत धरले आहे की प्रत्येकाजवळ आधी खर्च करायला पैसा आहे. नेमके त्याच वर्षी ब्रिटनमध्ये, आणि तेही हुजूर पक्षाच्या सरकारने, औद्योगिक प्रशिक्षणाचा कायदा केला. उद्योगातील सर्व मालकांकडून पट्टी गोळा करायची आणि जे शिकवतील त्यांना त्यातून अनुदान द्यायचे. जो शिकवत नाही आणि दुसऱ्याची शिकलेली माणसे पळवतो, त्याच्यावर भार पडावा ही साधी योजना. समाजवादाचा तीत लवलेश नव्हता, केवळ हिशेबाची जाण होती.

आपल्याकडे 1953 साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. सार्वजनिक महामंडळांच्या काळात दोष पुष्कळ होते, त्यांची वकिली येथे करायची नाही. परंतु इंडियन एअरलाइन्सने हैदराबादेत स्वतःचे प्रशिक्षण केंद्र उभारले होते, आणि वैमानिकाला नव्या विमानावर तयार करणे हे मालकाचे काम समजले जाई. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाच्या स्वाधीन झाली आणि प्रवासी वाहतुकीतून शासन जवळजवळ बाहेर पडले. आता वैमानिक तयार करण्याचा खर्च वैमानिकाचा, आणि त्याला बांधून ठेवण्याचा अधिकार मात्र कंपनीचा. 2017 च्या नियमाप्रमाणे नोकरी सोडताना कप्तानाने बारा महिन्यांची व सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. बाजाराच्या मुक्ततेचे गोडवे गाणाऱ्यांना श्रमाच्या बाजाराची ही वेसण कधी खुपल्याचे ऐकिवात नाही.

2025 च्या डिसेंबरात या धोरणाचे फळ प्रवाशांनीही चाखले. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घालणारे नियम बऱ्याच आधी जाहीर झाले होते. तरीही देशातील सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीने पुरेसे वैमानिक जमवले नव्हते. काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि सरकारने काय केले? थकलेल्या माणसाला विश्रांती देणारा नियमच त्या कंपनीपुरता तात्पुरता सैल केला. वैमानिकांचा तुटवडा आहे, असे कंपन्या म्हणतात. तसे असेल तर हजार-दोन हजार तास उडालेला माणूस स्वतःची पुंजी मोडून त्यांच्या दारात का उभा आहे?

अमेरिकेत हा तुटवडा खरोखरच निर्माण झाला, तेव्हा कंपन्यांचे हात कसे सैल झाले ते पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलो शहराजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून पन्नास माणसे मेली. त्यानंतर झालेल्या कायद्याने 2013 पासून सहवैमानिकालाही साधारणतः 1,500 तासांची अट लागू झाली. लष्करी वैमानिकांना ती 750 तासांवर आली. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना त्यातही विमानावरचे काही तास कमी पडत. तेव्हा 2017 च्या सुमारास एन्व्हॉय, पीडमाँट, ट्रान्स स्टेट्स यांसारख्या प्रादेशिक कंपन्यांनी लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी खास योजना काढल्या आणि त्या उणे तासांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्वतः उचलला. माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीचा सरकारी निधीही मदतीला होता. जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते गरज पडताच शक्य झाले. पण कंपनीच्या गरजेवर उभी असलेली योजना कंपनीबरोबरच जाते. 2020 च्या महामारीत ट्रान्स स्टेट्स बंद पडली.

आपल्याकडे ज्यांना विमानाची वाट परवडत नाही, त्यांच्यापुढे हेलिकॉप्टरचीच नागरी वाट उरते. मुंबई हायच्या तेलक्षेत्रावर कामगारांची ने-आण करणारी पवन हंस ही 1985 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी माजी फौजी वैमानिकांना सामावून घेत आली. तीही विकायला काढली गेली होती; 2022 मध्ये ठरलेला सौदा पुढे रद्द करावा लागला. दुसरी वाट हिमालयातील तीर्थयात्रेची. अरुंद दऱ्या, क्षणात बदलणारे ढग, एक-एक इंजिनाची यंत्रे आणि दिवसाला जास्तीत जास्त फेऱ्यांचा हिशेब. 15 जून 2025 रोजी केदारनाथहून परतणारे खासगी हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. वैमानिक भूसेनेतून निवृत्त झालेला अनुभवी अधिकारी होता. मृतांत हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील एक कुटुंब होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. अधिकारी हा मुळात सुस्थितीतला; त्याच्या दुसऱ्या परवान्यासाठी समाजाने का झिजावे? औंढ्याच्या किंवा वसमतच्या पोराला तर 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी मिळते. चारांतले तीन परत येतात, आणि सुमारे पावणेबारा लाखांची रक्कम हाती घेऊन पुन्हा तालुक्याच्या चौकात उभे राहतात. त्यांचा प्रश्न आधीचा व मोठा आहे, यात वाद नाही. पण दोन्ही प्रश्नांचे मूळ एक आहे: शासन माणसाची उमेदीची वर्षे घेते आणि त्यानंतरच्या आयुष्याची जबाबदारी बाजारावर ढकलते. शिवाय मागणी समाजाने झिजण्याची नाहीच. समाज एकदा झिजला आहे. आता पट्टी विमान कंपन्यांनी द्यावी.

आणि ती मागण्याची जागा दूर नाही. हिंगोलीहून वाशीमवरून वर गेले की अमरावती लागते. तेथील बेलोरा विमानतळ राज्य सरकारच्या विमानतळ विकास कंपनीने बांधला. 2024 मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे एअर इंडियाला तेथे 30 वर्षांसाठी वैमानिक प्रशिक्षण संस्था चालवण्याचे काम मिळाले. वर्षाला 180 वैमानिक तयार करण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. जमीन आणि धावपट्टी जनतेची, तेव्हा अटी घालण्याचा अधिकारही जनतेचा. 180 पैकी काही जागा सेवामुक्त हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी कंपनीच्या खर्चाने राखाव्यात. त्या बदल्यात अशा वैमानिकाने पुढील काही वर्षे पूर-भूकंपाच्या काळात राज्याच्या हाकेला यावे. आणखी काही जागा ग्रामीण, निम्न उत्पन्नाच्या मुलामुलींसाठी असाव्यात. हे स्वप्नरंजन नव्हे. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत इतर मागास व भटक्या समाजांतील मुलांना सरकारी खर्चाने उडायला पाठवले आहे. ती संख्या वीसच्या घरात राहिली, एवढाच तिचा दोष.

2009 साली नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले गेले. त्या वेळी करारात जनतेच्या बाजूने काय लिहिले जात आहे, हे मराठवाड्यात कोणी वेळेवर विचारले नाही. अमरावतीचा करार अजून ताजा आहे. त्यातील प्रवेशाच्या, शुल्काच्या आणि राखीव जागांच्या कलमांची प्रत माहिती अधिकाराखाली मागता येते. हिंगोली, वाशीम व यवतमाळ येथील जिल्हा समित्यांनी आपापला अर्ज या महिन्यातच करावा.