सुरक्षेचे अपडेट कुणाचेच अडवू नये

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्र सोडून शिवारात शिरली आणि परंडा तालुक्यातली उभी पिके घेऊन गेली. काही ठिकाणी मातीही राहिली नाही. अशा वर्षात दिवाळी अंक काढताना याच तालुक्यातल्या सोनारीच्या काळभैरवनाथाच्या पायाशी राहणाऱ्या आम्हा लोकांना सुचतो तो विषय शेतकऱ्याच्या कागदांचा. मदत असो वा पीकविमा, सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन माणूस सेवा केंद्रावर जातो. कागद स्कॅन होतात आणि त्या संगणकात राहतात.

तो संगणक कुणाचा, कसा आहे, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? विंडोजची 'क्रॅक' प्रत टाकून देणारे कारागीर तालुक्याच्या गावी सहज मिळतात. चोरी पकडली जाऊ नये म्हणून प्रत टाकतानाच ते अपडेट बंद करतात. अशी प्रत सेवा केंद्रात असली, तर धोका केंद्र चालवणाऱ्याचा एकट्याचा राहत नाही; तो शेतकऱ्याच्या कागदांचाही होतो.

चोरीच्या प्रतींना कंपन्यांनी अपडेट द्यावे का, हा वाद जुना आहे. चोरी ती चोरीच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरल्या की आपण मराठी लेखक-प्रकाशक चिडतो, ते योग्यच आहे. मग प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कष्टाला वेगळा न्याय कसा लावणार? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांचा दंड होऊ शकतो. कंपनीने नवी सोय, नवी आवृत्ती, फोनवरची मदत रोखली तर तक्रार करायला जागा नाही.

सुरक्षेच्या दुरुस्तीची गोष्ट मात्र निराळी आहे. पोलिओचा डोस पाजताना कुणी घरपट्टीची पावती मागत नाही, कारण रोग एका घरात थांबत नाही. मायक्रोसॉफ्टने २००५ साली अस्सल प्रतीची तपासणी सुरू केली, तेव्हाही तातडीच्या सुरक्षा दुरुस्त्या सर्वांना खुल्या ठेवल्या. तो निर्णय शहाणपणाचा होता. पण तपासणीत नापास झालेल्या संगणकांचा पडदा २००८ मध्ये काळा होऊ लागला आणि काही लोकांनी धास्तीने अपडेटच बंद केले. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला विंडोजमधल्या एका मोठ्या छिद्राची दुरुस्ती आली. महिनाभरात त्याच छिद्रातून 'कॉन्फिकर' नावाचा किडा शिरू लागला आणि पुढे जगभर पसरला. दुरुस्ती उपलब्ध होती, पण अनेक संगणकांवर ती घेतलीच गेली नव्हती.

२०१७ चा 'वॉनाक्राय' तसाच. दुरुस्ती १४ मार्चला निघाली, हल्ला १२ मे रोजी झाला. सुमारे दीडशे देशांतले संगणक अडकले, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या, आपल्याकडे आंध्रात पोलिसांचे संगणक बंद पडले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. संकट दाराशी आल्यावर जे करता आले, ते आधीही करता येते.

पुण्याच्या क्विक हीलसारख्या अँटिव्हायरस कंपनीची अडचण आम्ही समजू शकतो. तिथे रोजचे अपडेट हाच माल असतो; तो फुकट वाटा असे म्हणणे म्हणजे दुकान बंद करा म्हणणे. ज्या कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रामात छिद्र राहिले आहे, तिने ते बुजवावे, एवढेच आमचे म्हणणे. आणि दुरुस्ती घेतल्याने प्रत बंद पडणार नाही, हे तिने मराठीसह लोकांच्या भाषेत स्पष्ट सांगावे. वसुलीसाठी न्यायालय आहे, गावाकडच्या खिशाला झेपेल असा परवानाही काढता येईल. शेतकऱ्याच्या आधार क्रमांकाला ओलीस धरण्याची गरज नाही.

आमच्या भागातल्या केंद्रचालकांनाही एक विनंती. परवाना परवडत नसेल तर लिनक्स आणि लिब्रेऑफिस फुकट आहेत, कायदेशीर आहेत आणि त्यांची अपडेट कुणी अडवत नाही. मराठी मजकुरासाठी 'मुक्ता'सारखे मोफत युनिकोड फॉन्ट आहेत. जिथे विंडोजच लागते, तिथे अस्सल प्रत घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट संपली आहेत, तेव्हा ज्यांचा संगणक त्यावर चालतो त्यांनी पुढची सोय आताच पाहावी. रब्बीच्या विम्याचे अर्ज सुरू होण्याआधी एवढे करा.