जुनी पिकअप घेताना : थेंब पाहा, आवाज ऐका, मग व्यवहार करा



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगाव जुन्या पिकअप गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. बेणे, रोपांचे ट्रे, खताची पोती, ठिबकाच्या नळ्या, दुधाचे कॅन यांची ने-आण करायला ही गाडी आता ट्रॅक्टरइतकीच गरजेची झाली आहे. जुनी गाडी घेण्यात काही वावगे नाही. परंतु ती पारखण्याची आपली रीत मात्र चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण रंग पाहतो, टायर पाहतो, हौद्याचा पत्रा ठोकून पाहतो. गाडीखाली वाकून मात्र क्वचितच कोणी बघतो. खाली थेंब दिसला किंवा आत काही वाजले तर विकणारा म्हणतो, "जुन्या गाडीला एवढं-तेवढं असायचंच!" आणि आपणही मान डोलावतो.

उसाच्या बाबतीत आपण असे चालवून घेतो का? पाने पिवळी पडली म्हणून युरिया टाकत राहिलो आणि मुळाशी हुमणी आहे का हे उकरून पाहिलेच नाही, तर युरियाही जातो आणि ऊसही जातो. गाडीचेही तसेच आहे. गळणे आणि वाजणे ही लक्षणे आहेत, रोग आत कुठेतरी असतो. गळते म्हणून वरून ऑइल ओतत राहणे म्हणजे हुमणीवर युरिया टाकणेच होय.

आता थेंब ओळखायचे कसे? रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत खाली कोरे पुठ्ठे पसरावेत. सकाळी डाग कुठे पडला, कोणत्या रंगाचा आणि कसल्या वासाचा, हे पाहावे. काळा किंवा तपकिरी, बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा. घट्ट आणि उग्र गंधकासारख्या वासाचा असेल तर तो गिअरबॉक्सचा किंवा मागच्या डिफरन्शियलचा. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, चिकट आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. डिझेल वासावरूनच कळते. एसी असलेल्या गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचे पाणी पडले तर त्याची काळजी नको.

ज्याची खरी धास्ती घ्यावी तो डाग मात्र सर्वांत साधा दिसतो. तो म्हणजे ब्रेक ऑइलचा. पातळ, फिकट पिवळा, बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलेला. इंजिन सुरू ठेवून ब्रेक पेडल एकसारखे दाबून धरा. ते हळूहळू खाली जाऊ लागले तर ती गाडी गावातल्या गावातसुद्धा चालवू नये. भरलेली पिकअप उतारावर थांबली नाही तर काय होते, हे आम्ही सांगायला नको.

थेंब पडतो तिथेच गळती असते असेही नाही. गाडी धावताना वारा ऑइल मागे उडवतो आणि ते खाली ओघळते. म्हणून सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे ओले दिसेल तिथे मूळ शोधावे. धुऊन-पुसून चकाचक केलेल्या इंजिनाला भुलू नये. पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून पुन्हा खाली बघावे.

"थेंबच तर आहे" असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. चालू गाडीतून सेकंदाला एक थेंब गेला तर तासाला १८० मिलिलिटर आणि पाच तासांत ९०० मिलिलिटर ऑइल गेले. ऑइलच्या मोजपट्टीवरील वरच्या व खालच्या खुणेतले अंतर बहुधा लिटरभराचेच असते. ठिबकाचा हिशेब रोज करणाऱ्यांना यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही.

कूलंटबाबत आणखी एक. पाणी कमी होते म्हणून पुष्कळजण रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओततात. ज्या क्षाराच्या पाण्याने आपले ड्रिपर चोंदतात, ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गेल्यावर दुसरे काय होणार? आणि खाली थेंब नसताना कूलंट घटत असेल तर ते आत जात आहे असे समजावे. ऑइल दुधाळ झाले आहे का आणि गरम गाडीही पांढरा धूर सोडते का, हे पाहावे. दोन्ही दिसले तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये, तोंड-हात भाजतील.

आवाजाचे पहिले सूत्र असे की तो इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो की चाकांच्या, हे आधी ठरवावे. उभ्या गाडीत रेस केल्यावर वाढला तर दोष बहुधा इंजिनाकडे. वेगात असताना न्यूट्रल केले तरी घूंऽऽ चालूच राहिली आणि वळणावर कमी-जास्त झाली तर चाकाचे बेअरिंग. सकाळी सुरू करताना चिरकणे हे बहुधा सैल बेल्टचे. निघताना किंवा गिअर बदलताना खाली 'खट्' झाले तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तपासावा. क्लच दाबल्यावर वाजले तर क्लचचे बेअरिंग, दाबल्यावर बंद झाले तर गिअरबॉक्सचे. ब्रेक लावताना लोखंड घासल्यासारखे वाजले तर लायनर संपले. आणि भार पडताच इंजिनातून खोल, जड ठोका आला तर गाडी तिथेच बंद करावी. पुढे रेटली की क्रँकशाफ्ट जातो.

हे सारे गार इंजिनावर ऐकले पाहिजे. आपण पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर सरळ म्हणावे, "उद्या सकाळी येतो, मी आल्यावरच चालू करा." विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा.

काही सभासद म्हणतील, "एवढं बघत बसलो तर फिटर सगळंच बदलायला लावील." आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याला काय गळते आणि कधी वाजते हे सांगता येत नाही, त्याचेच इंजिन विनाकारण उघडले जाते. बेल्ट ताणून भागणाऱ्या कामाला हजारो रुपये मोजावे लागतात ते अशानेच. प्रत्येक ओल्या गॅस्केटसाठी व्यवहार मोडा, असेही आम्ही म्हणत नाही. नुसता ओलावा असेल तर किंमत कमी करून घ्यावी. थेंब पडत असेल तर दुरुस्तीचा अंदाज काढून तो किमतीतून वजा करावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिनाचा ठोका, या तीन बाबतींत मात्र तडजोड नको.

शेवटी एक सूचना. हंगाम संपल्यावर कारखान्याच्या वाहन विभागाने गटवार एक दिवस सभासदांच्या गाड्या तपासून द्याव्यात. माती परीक्षणाला आपण नमुना देतो, तसा गाडीचाही 'नमुना' पाहिला जावा. संचालक मंडळाने याचा विचार करावा, आणि तोवर प्रत्येक सभासदाने निदान एक पुठ्ठा तरी गाडीखाली टाकून पाहावा, ही विनंती.