फितुरी नव्हे, भ्रांती

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा या आजाराचे एकच वर्णन पुन्हा पुन्हा कानावर आले: शरीराचे सैन्यच फितूर झाले. मराठी मनाला ही प्रतिमा फार सोयीची आहे, इतिहासाने तिची सवयच लावली आहे. पण ती चुकीची आहे असे मला वाटते.

फितुरीत हेतू असतो. इथे जुलाब वा सर्दी-तापाचा संसर्ग ओसरल्यावर काही दिवसांनी, जंतूंसाठी घडलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवर चालून जातात. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या आवरणातील काही रेणू आणि मज्जातंतूंवरील रेणू यांत साम्य असते. (झिकासारख्या विषाणूंबाबत ही साखळी इतकी स्पष्ट नाही.) साम्यामुळे एका वस्तूच्या जागी दुसरी भासणे, यालाच आपले साहित्यशास्त्र भ्रांतिमान म्हणते. दोरी आणि सापाचे जुने उदाहरण आपण वर्गात देतोच.

हा केवळ अलंकारांचा काथ्याकूट नव्हे. फितुरीच्या कथेला शेवट असतो: बंड मोडले, गड राखला, रुग्ण घरी गेला. प्रत्यक्षात पायांपासून वर चढलेला लुळेपणा उतरायला महिने लागतात, आणि सुमारे पाचांतला एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधारावाचून चालू शकत नाही. जो चालतो, त्याचा थकवा दिसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; त्यांत या आजाराचे नाव नाही. उरलेला लुळेपणा दुसऱ्या एखाद्या रकान्यात बसवता येतो, थकव्याला मात्र रकानाच नाही.

जोसेफ हेलरला १९८१च्या डिसेंबरात हा आजार जडला. १९८६च्या ‘नो लाफिंग मॅटर’ची सारी प्रकरणे त्याची नाहीत, त्याच्या प्रकरणांच्या मधे मधे स्पीड व्होगेल या मित्राची प्रकरणे येतात. हेलर अंथरुणाला खिळला असताना व्होगेल त्याच्या घरात राहिला, त्याचे टपाल पाहिले, त्याच्या वतीने धनादेशांवर सह्या केल्या. जो दुसऱ्याच्या हातांनी जगला त्याची कथाही दोन हातांनी लिहिली गेली, हे मला त्या पुस्तकातल्या विनोदापेक्षा मोलाचे वाटते. आपले आत्मकथन मात्र एकट्या ‘मी’चे असते. रात्रभर कुणीतरी त्या ‘मी’ची कूस बदलून देत असते, आई असेल, बायको असेल. त्या रात्रीचे निवेदन आपण कुणाकडे मागितले आहे?