काव्यहेतू आणि झाडीपट्टीचा नाटककार

निर्मितिप्रक्रियेचा विचार आपल्या पदव्युत्तर वर्गात बहुधा मम्मटाच्या काव्यहेतूंपासून सुरू होतो. शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन पृथक् हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असे मम्मटाचे प्रतिपादन आहे. निपुणतेची साधने सांगताना तो शास्त्र आणि काव्य यांच्याही आधी लोकाचा निर्देश करतो. आपण मात्र शक्तीवर तासभर बोलतो आणि लोकाला एका वाक्यात निकालात काढतो. एकान्तात, कुणाच्याही मागणीवाचून लिहितो तोच खरा सर्जनशील लेखक, ही समजूत त्यातूनच दृढ होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात ती टिकत नाही.

दिवाळीनंतर, धान हाती येऊ लागले की येथे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीच्या सुमारास संपतो. वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र. गावोगावी, पुष्कळदा शंकरपट वा मंडईच्या निमित्ताने, मंडप पडतो आणि नाटक रात्रभर चालते. या नाटककाराला संहिता हंगामापूर्वी सिद्ध ठेवावी लागते; मंडळातील नटांचा वकूब, गायकांचा गळा ध्यानात घ्यावा लागतो. मंडप मध्यरात्रीच रिकामा होऊ लागला, तर लेखन कोठे फसले हे कळण्यासाठी त्याला समीक्षकाची गरज नसते. लोकावेक्षण आणि अभ्यास म्हणजे याहून वेगळे काय?

मागणीबरहुकूम लिहिणे ही कारागिरी, निर्मिती नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. पण देवलांचे ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले ते किर्लोस्कर नाटक मंडळीकडून. खाडिलकर आणि गडकरी यांची नाटकेही मंडळ्यांच्या आश्रयानेच उभी राहिली. त्यांना आपण वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान देतो आणि वडशाच्या नाटककाराला मात्र लोकरंजनाच्या सदरात टाकतो. ही दोन मापे कोणत्या निकषावर?

झाडीपट्टीच्या नाटकात ठरीव कथानके आणि भडक नाट्यमयता आढळते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि साचा कोणी घडविला, कोणी मोडला, हे संहिता समोर असल्याखेरीज सांगता येत नाही. हेमलकशात राहून विलास मनोहर यांनी लिहिलेली ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) ही कादंबरी ग्रंथरूपात असल्याने तिची चिकित्सा होऊ शकते. झाडीपट्टीच्या कित्येक संहिता मात्र मंडळांच्या वह्यांतच राहतात आणि वही जीर्ण झाली की नाटकही संपते. अखिल भारतीय साहित्य संमेलन चंद्रपुरात १९७९ आणि २०१२ असे दोनदा भरले; झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गौरव झाला, त्याचा आनंद आहे. पण गौरवाने वह्या वाचत नाहीत.

डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाची वाट घालून दिली आहे. त्या वाटेने आपल्या विभागांनी आता संहितांकडे वळावे. नाटककारांच्या अनुमतीने वह्यांच्या प्रती कराव्यात, प्रयोगागणिक झालेले बदल नोंदवावेत, लेखकांना त्यांची लेखनपद्धती विचारावी. एरवी नामवंतांच्या कादंबऱ्यांवर तोच तो प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला येथे अस्पर्शित सामग्री मिळेल. आणि मम्मटाने प्रथम उच्चारलेला ‘लोक’ हा शब्द आपल्यालाही पुन्हा नीट वाचता येईल.