घरांतील यंत्रें : पंप मेला कीं तार?

मोटारसायकल सुरू न होणें हें पूर्वीं फारसें गूढ नसे. पेट्रोलचा कॉक पाहावा, कार्ब्युरेटर साफ करावा, प्लग पुसावा, चार किका माराव्या, आणि गाडी मार्गाला लागे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू झाले आणि त्यानंतर निघालेल्या बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर नाहींसा झाला. आतां टाकीच्या आंत विजेचा एक लहानसा पंप असतो. तो साधारण तीन बार दाबानें पेट्रोल पुढें लोटतो. इंजेक्टर तें तुषाररूपानें इंजिनांत सोडतो. आणि केव्हां व किती सोडावयाचें हें ईसीयू नांवाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. पेट्रोलचा प्रश्न अशा रीतीनें अर्धाअधिक विजेचा होऊन बसला आहे, आणि ज्यास वीज उमगत नाहीं तो सारा दोष पंपावर टाकून मोकळा होतो. या घाईची किंमत काय पडूं शकते हें आम्हांस २०२५ च्या दिवाळींत बीड जिल्ह्यांतील शिरूर कासार येथें पाहावयास मिळालें.

आप्तांकडे आमचा मुक्काम होता. त्या वर्षीं सप्टेंबरांत सिंदफणा नदीला मोठा पूर येऊन गेलेला. शेजारचें कुटुंब ऊसतोडणीस जाणारें. दिवाळीच्या सुमारास या भागांतील कितीतरी कुटुंबें साखर कारखान्यांची वाट धरतात, आणि म्हातारीं माणसें व शिकतीं मुलें मागें राहतात. येथेंही आजी आणि कॉलेजांत जाणारा नातू मागें राहावयाचे होते. आजीस वरचेवर तपासणीसाठीं बीडला न्यावें लागे, आणि त्यासाठीं साधन एकच : पुरांत भिजलेली मोटारसायकल. पुरानंतर महिनाभर चालून ती एकाएकीं बंद पडली होती. एका कारागिरानें ‘पंप जळाला, नवा घाला’ असा निकाल दिला होता. त्याचे कांहीं हजार रुपये मुकादमाकडून घेतलेल्या उचलींतून जावयाचे. म्हणजे तितके दिवस कोयता अधिक चालवावयाचा!

“काका, पंप बदलावाच लागेल का?” असें मुलानें विचारलें. आम्ही म्हटलें, “आधीं त्याची साक्ष तर घेऊं.”

या परीक्षेचा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. प्रथम टाकींत पेट्रोल आहे ना, किल स्विच चालू आहे ना आणि बाजूचें स्टँड वर केलें आहे ना, हें पाहावें. पुष्कळ नव्या गाड्या स्टँड खालीं असतां गिअरमध्यें चालतच नाहींत. नंतर आसपास शांतता करून किल्ली फिरवावी व टाकीशीं कान लावावा. निरोगी पंप दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा आवाज करून थांबतो. हा आवाज आला तर पंपास वीज मिळत आहे असें समजून गाळणी, इंजेक्टर व ठिणगी यांकडे वळावें. आवाज नसेल तर विजेचा माग काढावा. त्याच वेळीं इंजिनाचें चित्र असलेला पिवळा दिवा पाहावा. किल्ली फिरवितांच तो लागला पाहिजे. मुळींच न लागल्यास बहुधा ईसीयूकडे जाणारी वीजच तुटलेली असते.

मुलाच्या गाडीचा दिवा लागला. पंप मात्र मुका. मल्टिमीटर लावतां बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. ती बारा व्होल्टांच्या खालीं असती तर आधीं चार्ज करून मगच पुढचें पाऊल टाकावयाचें होतें. फ्यूज शाबूत होता. फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा घालावा. चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा कधींही घालूं नये. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कोठें तरी तार सोलली आहे असें समजावें. हँडलखालच्या वळणाशीं ही जागा हटकून सांपडते.

आतां खरी मेख. पंपाची जोडणी काढून मोजतां तेथें बारा व्होल्ट दिसले. कारागिरानेंही एवढेंच पाहिलें असावें : वीज येते, पंप फिरत नाहीं, तेव्हां पंप मेला! परंतु मीटरला लागणारा विजेचा प्रवाह अगदीं नाममात्र. गंजलेली तारही तेवढा वाहून नेते. पंपाला कांहीं अँपिअर लागतात. बंद नळाच्या मागें पाण्याचा दाब पुरा असावा आणि नळ सोडतांच करंगळीएवढी धार यावी, तसा हा प्रकार. म्हणून जोडणी पुन्हां बसवून, तिच्या पाठीमागून मीटरच्या सुया लावून, किल्ली फिरवीत मोजलें. पंपावर उरले जेमतेम तीन व्होल्ट. आणि पंपाची परतीची तार व बॅटरीचें ऋण टोक यांमध्यें नऊ! तेथें शून्याच्या आसपास आंकडा हवा होता. त्या तारेचा माग घेत गेलों तों टाकीखालीं चौकटीला जोडलेला अर्थिंगचा बोल्ट हिरव्या गंजानें माखलेला आढळला. बॅटरीचें ऋण टोक सोडवून तो पॉलिश कागदानें घांसला, आवळला आणि वर व्हॅसलीन लावलें. किल्ली फिरवितांच पंप बोलूं लागला.

दोन इशारे दिल्यावांचून राहवत नाहीं. हें काम उघड्यावर करावें व जवळ विडी-काडी नसावी. पेट्रोलच्या नळींत दाब असतो, ती जाणत्यानेंच सोडावी. आणि तारेस तार लावून ठिणगी पाहण्याचा जुना नाद टाकीशेजारीं तर सर्वस्वीं सोडावा.

महिनोन् महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांस आणखी एक सूचना. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्याचें एक मोठें मूळ ऊस हेंच आहे, आणि तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ज्यांनीं तो ऊस तोडला त्यांच्याच दारीं उभ्या राहिलेल्या गाड्यांस या पाण्याचा जाच व्हावा, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा! टाकी भरून झांकण घट्ट लावावें, बॅटरीचें ऋण टोक सोडवून ठेवावें, आणि परतल्यावर ती चार्ज करूनच किल्ली फिरवावी.

शिरूरच्या त्या घरीं खर्च झाला तो पॉलिश कागदाच्या एका तुकड्याचा. निघण्यापूर्वीं आईनें मुलाकडून सारी परीक्षा एकदां करवून घेतली, आणि मगच आजीचे तपासणीचे कागद त्याच्या हवालीं केले.